मूत्रपिंडाचा विकार, हृदयाचा धोका

चेन्नईच्या पश्चिमेस, तिरुवळ्ळूर जिल्ह्यात असलेले आवडी हे ठिकाण भारतीय नियोजनाच्या अभ्यासकांना परिचित आहे. जानेवारी १९५५ मध्ये उ. न. ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे ६० वे अधिवेशन येथे भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा सुप्रसिद्ध ठराव येथेच संमत झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वैचारिक पार्श्वभूमीत या ठरावाचे स्थान महत्त्वाचे आहे. पुढे साठच्या दशकात आवडीत अवजड वाहन निर्मितीचा कारखाना उभा राहिला व 'विजयंता' रणगाडे तेथे तयार होऊ लागले. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाली, तेव्हा आर्मर्ड व्हेइकल्स निगमचे मुख्यालय आवडीतच ठेवण्यात आले. महाराष्ट्रातील अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखानाही याच निगमचा घटक आहे. अधिवेशनाचे गाव आज महानगरपालिका असलेले औद्योगिक नगर बनले आहे.

या सहासात दशकांत कारखाने बदलले, तसे कामगारांचे आजारही बदलले. १९५१ च्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आहे. हिवताप, क्षय, देवी, पटकी यांनी होणारे मृत्यू घटले आणि असंसर्गजन्य रोगांनी त्यांची जागा घेतली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राज्यनिहाय अहवालानुसार, एकूण मृत्यूंतील असंसर्गजन्य रोगांचा वाटा १९९० मध्ये सुमारे ३८ टक्के होता. तो २०१६ मध्ये सुमारे ६२ टक्क्यांवर गेला. या रोगांपैकी दोन रोगांमधील नाते प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आणि हृदयरोहिणी विकार हे ते दोन रोग होत. वैद्यकशास्त्राने त्यांचे विभाग वेगळे केले असले, तरी शरीरात त्यांची वाटचाल एकमेकांच्या साथीने होते. ही गोष्ट धोरणकर्त्यांच्या व सामान्य नागरिकांच्या लक्षात उशिरा आल्याने मोठी किंमत मोजावी लागते.

विकार म्हणजे काय?

हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात साधारणतः दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांमधून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक भाग पुन्हा शोषला जाऊन जेमतेम दीड लिटर मूत्र बाहेर पडते. टाकाऊ द्रव्ये काढून टाकणे हे मूत्रपिंडांचे सर्वपरिचित कार्य होय. त्याखेरीज रक्तदाबाचे नियमन करणे, क्षार व पाणी यांचा समतोल राखणे, तांबड्या पेशींच्या निर्मितीला चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक स्रवणे आणि ड जीवनसत्त्व कार्यक्षम करणे, ही कामेही मूत्रपिंडेच करतात. मूत्रपिंड बिघडले की हृदय का बिघडते, याचे उत्तर कार्यांच्या या यादीतच आहे.

रक्तातील क्रिएटिनिनच्या प्रमाणावरून मूत्रपिंडाचा गाळण दर काढता येतो. निरोगी तरुण माणसात तो मिनिटाला ९० मिलिलिटरहून अधिक असतो. हा दर तीन महिने किंवा अधिक काळ ६० च्या खाली राहिला, अथवा मूत्रातून अल्ब्युमिन हे प्रथिन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जाऊ लागले, तर त्यास दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. गाळण दरानुसार त्याचे पाच टप्पे मानले जातात : ९० किंवा अधिक, ६० ते ८९, ३० ते ५९, १५ ते २९ आणि १५ हून कमी. पहिल्या दोन टप्प्यांत केवळ गाळण दरावरून निदान होत नाही. मूत्रपिंडाच्या हानीचा अन्य पुरावा असावा लागतो. पाचव्या टप्प्यात रक्तशुद्धीकरण म्हणजे डायलिसिस, किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपण आवश्यक ठरू शकते. तिसऱ्या टप्प्यापर्यंत रुग्णाला बहुधा कोणताच त्रास जाणवत नाही.

जुने निरीक्षण, नवे आकडे

मूत्रपिंड व हृदय यांचा संबंध अलीकडे सापडलेला नाही. लंडनच्या गाय रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच नोंदवून ठेवले होते की, ज्या रुग्णांच्या मूत्रातून प्रथिन जाते त्यांच्यापैकी अनेकांचे हृदय शवविच्छेदनात मोठे झालेले आढळते. १९७४ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथील डॉक्टरांनी दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्राच्या साहाय्याने रुग्ण मूत्रपिंडाच्या निकामीपणातून वाचत होते. परंतु त्यांच्या रोहिण्या वेगाने कठीण होत होत्या व अनेकांचा मृत्यू हृदयविकाराने ओढवत होता.

विकाराच्या आधीच्या टप्प्यांतही हेच घडते काय, याचे उत्तर २००४ मध्ये मिळाले. कॅलिफोर्नियातील ११ लाखांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत गाळण दर ६० किंवा अधिक असलेल्या गटाशी इतरांची तुलना करण्यात आली. वय, मधुमेह इत्यादी बाबींचा प्रभाव वगळल्यावर हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांचे प्रमाण ४५ ते ५९ दर असलेल्यांत १.४ पट, ३० ते ४४ मध्ये २ पट, १५ ते २९ मध्ये २.८ पट आणि १५ च्या खाली ३.४ पट आढळले. गाळण दराची एकेक पायरी उतरताना हृदयाचा धोका एकेक पायरी चढत होता.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा अमेरिकन अभ्यास अधिक बोलका आहे. सुमारे २८ हजार रुग्णांवर पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांपैकी डायलिसिस किंवा प्रत्यारोपणापर्यंत पोहोचले ते केवळ १.३ टक्के; त्या मुदतीत मरण पावले ते २४.३ टक्के. चौथ्या टप्प्यात हेच आकडे अनुक्रमे १९.९ व ४५.७ टक्के होते. म्हणजे मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याची वेळ येण्याआधीच कितीतरी अधिक रुग्ण दगावतात, आणि त्या मृत्यूंमागे हृदयविकार हे एक प्रमुख कारण असते. अशा रुग्णांची नोंद मूत्रपिंडविकाराचे बळी म्हणून सहसा होत नाही. डायलिसिस केंद्रातील रांग आपल्याला दिसते. रांगेपर्यंत न पोहोचलेले रुग्ण दिसत नाहीत.

धोका निर्माण होण्याची प्रक्रिया

या नात्यामागील कारणे चार प्रकारांत मांडता येतील.

पहिले कारण समान मुळांचे आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू आणि लठ्ठपणा यांमुळे मूत्रपिंडांतील सूक्ष्म वाहिन्या व हृदयरोहिण्या या दोहोंना इजा पोहोचते. मूत्रातील अल्ब्युमिन हे केवळ गाळणीला पडलेल्या भोकाचे लक्षण नसते. सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर दुखावले असल्याची ती खूण असते. म्हणूनच गाळण दर उत्तम असतानाही मूत्रात अल्ब्युमिन जात असेल, तर हृदयविकाराचा संभव वाढतो.

दुसरे कारण हृदयावरील ताणाचे. मूत्रपिंड दुबळे झाले की मीठ व पाणी शरीरात साचते आणि रेनिन-अँजिओटेन्सिन ही संप्रेरकांची साखळी अधिक सक्रिय होते. परिणामी रक्तदाब चढतो. एरिथ्रोपोएटिन कमी पडल्याने रक्तक्षय होतो व उतींना प्राणवायू पुरविण्यासाठी हृदयाला अधिक काम करावे लागते. या दुहेरी भाराने हृदयाच्या डाव्या निलयाची भिंत जाड होते. जाड झालेल्या स्नायूची रक्ताची गरज वाढते. पुरवठा करणाऱ्या रोहिण्या मात्र अरुंद होत गेलेल्या असतात. ब्राइट यांना दिसलेल्या मोठ्या हृदयाचा उलगडा असा होतो.

तिसरे कारण खनिजांच्या असमतोलाचे. मूत्रपिंड फॉस्फरस पुरेसा बाहेर टाकू शकत नाही आणि ड जीवनसत्त्व कार्यक्षम होत नाही. त्यामुळे हाडांतील व रक्तातील कॅल्शियम-फॉस्फरसचे गणित बिघडते आणि कॅल्शियमचे थर रोहिण्यांच्या भिंतींत बसू लागतात. सर्वसाधारण रोहिणीकाठिण्यात मेदयुक्त थर आतील अस्तरात साठतात. मूत्रपिंडविकारात त्याच्या जोडीला भिंतीचा मधला थरही कॅल्शियममुळे टणक होतो. रोहिणीची लवचिकता नाहीशी होते.

चौथे कारण दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचे आहे. न गाळली गेलेली द्रव्ये रक्तात फिरत राहतात, रोहिण्यांतील मेदाचे थर अस्थिर होतात आणि ते फुटून गुठळी होण्याची भीती वाढते.

हे नाते एकतर्फीही नाही. हृदय अशक्त झाले की मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो, त्यांच्या शिरांतील दाब वाढतो आणि गाळण दर खाली येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये हृदय, मूत्रपिंड व चयापचय यांच्या विकारांना एकाच संलक्षणाचे नाव दिले. त्यामागे हाच विचार आहे.

निदान व उपचारांतील अडचणी

मूत्रपिंडविकाराच्या रुग्णात हृदयविकाराचा झटका नेहमीच्या लक्षणांनी येईलच, असे नाही. छातीत कळ येण्याऐवजी केवळ धाप लागणे किंवा थकवा येणे एवढेच लक्षण असू शकते. झटक्याचे निदान करणारे ट्रोपोनिन हे द्रव्य अशा रुग्णांच्या रक्तात आधीपासूनच वाढलेले असू शकते. म्हणून एका मोजमापापेक्षा काही तासांतील चढउतार महत्त्वाचा ठरतो. रोहिण्यांच्या तपासणीसाठी वापरण्यात येणारे रंगद्रव्य मूत्रपिंडांना अपायकारक ठरू शकते, या भीतीने तपासणी पुढे ढकलली जाण्याचीही शक्यता असते.

रोहिण्या रुंद करण्याचे उपाय येथे कितपत उपयुक्त आहेत, याचा शोध २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीने घेतला. तीव्र मूत्रपिंडविकार आणि स्थिर स्वरूपाचा हृदयरोहिणी विकार असलेल्या ७७७ रुग्णांपैकी एका गटावर सुरुवातीलाच अँजिओग्राफी व आवश्यकतेनुसार शस्त्रक्रिया वा अँजिओप्लास्टी करण्यात आली. दुसऱ्या गटाला प्रथम औषधांवर ठेवण्यात आले. मृत्यू किंवा झटका यांच्या प्रमाणात पहिल्या गटाला फायदा दिसला नाही. तीव्र झटक्याच्या प्रसंगी मात्र तातडीचे उपचार आवश्यकच असतात. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचा अनुभवही उद्बोधक आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत अशा औषधांच्या जोडीने रोहिणीकाठिण्याच्या गंभीर घटना १७ टक्क्यांनी घटल्या. याउलट डायलिसिसवर गेल्यानंतर स्टॅटिन प्रथमच सुरू केल्यास स्पष्ट लाभ होत नाही, असे २००५ व २००९ मधील चाचण्यांत आढळले होते. दोन्ही अनुभवांचा रोख एकच आहे : उपचारांची वेळ लवकरची असली पाहिजे.

आवडीच्या ठरावापासून एका रुग्णापर्यंत

१९५५ च्या अधिवेशनाला समाजवादाचा ठराव संमत करणे शक्य झाले, त्यामागे १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाची स्थापना करणाऱ्या जयप्रकाश नारायण व त्यांच्या सहकाऱ्यांचे परिश्रम होते. प्रत्यक्ष ठरावाच्या वेळी जयप्रकाशजी पक्षीय राजकारण सोडून भूदान कार्यात गेले होते. आणीबाणीत स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटकेनंतर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले आणि पुढील आयुष्य त्यांना डायलिसिसवर काढावे लागले. मधुमेह व हृदयविकार यांचाही त्यांना त्रास होता. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटणा येथे त्यांचे निधन झाले. मूत्रपिंड, मधुमेह आणि हृदय यांची साखळी सार्वजनिक जीवनातील या उदाहरणात स्पष्ट दिसते. डायलिसिस हे नाव देशातील अनेकांनी त्यांच्या आजारामुळेच प्रथम ऐकले.

जसलोकमध्ये त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. एम. के. मणी पुढे मद्रासला गेले. डायलिसिस व प्रत्यारोपण या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या या तज्ज्ञाने सातत्याने मांडलेला विचार असा की, सर्व रुग्णांना हे उपचार पुरविणे भारताला परवडणारे नाही. म्हणून विकार रोखणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. चेन्नईच्या किडनी हेल्प ट्रस्टमार्फत त्यांनी शहराच्या परिसरातील खेड्यांत, सुमारे २५ हजार लोकवस्तीत, याचा प्रयोग केला. गावातीलच मुलींना प्रशिक्षण देण्यात आले. त्या घरोघर जाऊन काही प्रश्न विचारीत, रक्तदाब मोजीत आणि सल्फोसॅलिसिलिक आम्लाने मूत्रातील प्रथिन व बेनेडिक्ट द्रावणाने साखर तपासत. दोष आढळलेल्यांची तपासणी डॉक्टर करीत. रक्तदाबासाठी रेसर्पिन, हायड्रॅलाझिन व हायड्रोक्लोरोथायझाइड, तर मधुमेहासाठी ग्लिबेनक्लामाइड व मेटफॉर्मिन अशी जुनी, स्वस्त औषधे वापरण्यात आली. बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब नियंत्रणात आला. दरडोई वार्षिक खर्च अर्ध्या डॉलरहून कमी होता. २००३ व २००५ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मूत्रपिंडासाठी आखलेला हा कार्यक्रम वास्तविक हृदयासाठीही होता, हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल. रक्तदाब व साखर आटोक्यात आणणारी तीच गोळी दोन्ही अवयवांचे रक्षण करते.

शासकीय कार्यक्रम

२०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पीय भाषणात नमूद करण्यात आले होते की, देशात दरवर्षी मूत्रपिंड पूर्ण निकामी झालेल्या सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते आणि त्यामुळे डायलिसिसच्या ३.४ कोटी अतिरिक्त सत्रांची गरज निर्माण होते. याच भाषणात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली व जिल्हा रुग्णालयांत सार्वजनिक-खाजगी भागीदारीतून केंद्रे उघडली गेली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. प्रतिबंधाच्या बाजूने २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०२३ मध्ये त्याची व्याप्ती असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात विस्तारली आणि दीर्घकालीन मूत्रपिंडविकारालाही त्यात स्थान आहे.

तमिळनाडूने २०२१ मध्ये रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देणारी 'मक्कळै तेडि मरुत्तुवम्' ही योजना सुरू केली. २०२३ मध्ये 'इदयम् काप्पोम्' म्हणजे 'हृदयाचे रक्षण करू' या योजनेखाली, झटक्याची शंका असलेल्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठविण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातच औषधांची पहिली मात्रा देण्याची व्यवस्था करण्यात आली. त्याच वर्षी मूत्रपिंडविकार लवकर शोधण्यासाठी प्राथमिक स्तरावर मूत्रतपासणीची योजनाही त्या राज्याने हाती घेतली. योजना दोन असल्या तरी आवडीसारख्या नगरातील पन्नाशीच्या कामगाराचे शरीर एकच आहे. आरोग्य केंद्रात त्याच्या मूत्रात प्रथिन आढळले, तर ती नोंद हृदयविकाराच्या यादीतही गेली पाहिजे, हे या चर्चेचे व्यावहारिक सार होय.

प्रश्नाचा आकार लहान नाही. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या नेतृत्वाखाली झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह, तर ३१ कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. या प्रत्येकाची वर्षातून एकदा मूत्रातील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन यांची तपासणी होणे इष्ट आहे.

उपाययोजना

मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवणे, तंबाखू वर्ज्य करणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरी सल्ल्याविना दीर्घकाळ न घेणे, हे उपाय सर्वांच्या हातातील आहेत. औषधांपैकी रेनिन-अँजिओटेन्सिन साखळी रोखणारी औषधे मूत्रातील प्रथिन कमी करून मूत्रपिंड व हृदय या दोहोंना संरक्षण देतात. मात्र ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे लागते. २०२० व २०२२ मधील मोठ्या चाचण्यांत डॅपाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहावरील औषधांनी, मधुमेह नसलेल्या रुग्णांतही मूत्रपिंडाची घसरण मंदावल्याचे सिद्ध झाले. हृदय दुर्बल झालेल्यांनाही ती उपकारक ठरली आहेत. यांपैकी एम्पाग्लिफ्लोझिनचे भारतातील एकस्व मार्च २०२५ मध्ये संपल्यावर भारतीय कंपन्यांची औषधे बाजारात आली व किमती बऱ्याच खाली आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या औषधसूचीच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडांच्या आरोग्याविषयी ठराव संमत करून, असंसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणात या विकाराला योग्य स्थान देण्याचे आवाहन सदस्य राष्ट्रांना केले. ठरावाचे यश त्याच्या अंमलबजावणीत असते, हे आवडीच्या इतिहासानेही शिकविले आहे. डायलिसिसचे यंत्र अवश्य हवे; ज्याला त्याची गरज आहे त्याला ते मिळालेच पाहिजे. परंतु त्या यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच हृदयविकाराने जाणाऱ्या मोठ्या संख्येला वाचविण्याचे साधन तुलनेने फार साधे आहे : रक्तदाब मोजण्याचे उपकरण, मूत्रतपासणीची पट्टी, नियमित मिळणारी स्वस्त औषधे आणि घरोघर जाणारी प्रशिक्षित कार्यकर्ती. चेन्नईजवळच्या खेड्यांत हे साधन वापरून पाहिले गेले आहे. ते देशातील प्रत्येक आरोग्य केंद्रात नित्याचे व्हावे, हीच आरोग्य नियोजनापुढील खरी कसोटी आहे.